नागीण, रोजा आणि गोळीची वेळ

गेल्या रमजानमध्ये आमच्या खालांच्या कमरेत एका बाजूला आग होऊ लागली. दुसऱ्या दिवशी तिथे पाणीदार फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नागीण आहे. तोंड-शेपूट जुळायच्या आत उतरवून घ्या."

आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, हा कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो नसांच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात किंवा अशक्तपणात पुन्हा उठतो. वेढा पुरा झाला की माणूस दगावतो, ही समजूत खोटी. मात्र फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालेले बरे. डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

असायक्लोविर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. खाला म्हणाल्या, "इफ्तार ते सेहरीत घेते." डॉक्टरांनी मान हलवली. दिवसभराचा खंड चालत नाही. शिवाय हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. पाणी कमी पडले तर त्याचे कण तिथेच साचू शकतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी सांगावे, मात्रा कमी करावी लागते.

आजाऱ्याने रोजे नंतर पुरे करावेत, ही सवलत कुरआनातच, सूरह बकरामध्ये आहे. खालांनी सात रोजे सोडले, ईदनंतर कजा केले. त्या सात दिवसांत गोळीच्या वेळी पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या, त्या शेजारच्या काकूच.