उसाची ट्रॉली : ओढणे आणि थांबविणे

पावसाळा सरून साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की पश्चिम महाराष्ट्रातील आणि मराठवाड्यातील रस्त्यांचे रूप पालटते. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या मुकादमांबरोबर निघतात, फडांत खोपी उभ्या राहतात आणि फडापासून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, त्यानंतर कित्येक वर्षे उसाच्या वाहतुकीचा मोठा भार बैलगाडीने वाहिला. आज तो मुख्यतः मालमोटारींवर आणि ट्रॅक्टरवर आहे. एका ट्रॅक्टरमागे एक, पुष्कळदा दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. या वाहनांच्या अपघातांच्या वार्ता हंगामात वरचेवर वाचावयास मिळतात. त्यांची कारणे सांगताना चालकाचा निष्काळजीपणा हे एकच कारण पुढे केले जाते. ते पुरेसे नाही. ट्रॉलीच्या गणितातच एक धोका दडलेला आहे व तो समजून घेतल्यावाचून उपाययोजना नेमकी होत नाही.

ट्रॅक्टर हे शेतात नांगर ओढण्यासाठी बनविलेले यंत्र आहे. खालच्या गिअरमध्ये ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार सपाट रस्त्यावर ओढू शकते. यावरून जे यंत्र ओढते ते थांबवूही शकते, अशी एक समजूत रूढ झालेली आहे. ओढताना सारे काम इंजिनाच्या जोरावर, सावकाश चालते. थांबविताना मात्र चाकांनी रस्ता किती घट्ट धरला आहे, यावर सर्व अवलंबून असते, आणि चाकाची पकड त्यावर पडणाऱ्या वजनाच्या प्रमाणात असते. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक केवळ मागील दोन चाकांना असतो. ट्रॉलीला एक तर ब्रेक नसतो, किंवा असलाच तर तो जोडलेला नसतो.

थोडा हिशेब

ट्रॅक्टरचे वजन २ टन धरू. त्यापैकी सुमारे १,३०० किलो मागील चाकांवर असते. दोन चारचाकी ट्रॉल्यांचे उसासह एकूण वजन १५ टन धरू, म्हणजे सारी गाडी १७ टनांची झाली. चारचाकी ट्रॉलीचे वजन तिच्याच चाकांवर उभे असते. ट्रॅक्टरच्या मागील चाकांना त्यातून काहीच मिळत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर या चाकांची पकड त्यांच्यावरील वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे ८५० किलोंच्या आसपास धरता येईल. चाके फिरताना जो स्वाभाविक रोध होतो तो आणखी ३०० किलोंचा. एवढ्या बळावर १७ टनांना आवरावयाचे आहे.

एकटा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगात असेल तर ब्रेक लागल्यावर चार मीटरांच्या आत थांबेल. दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे असतील तर त्याला सुमारे २३ मीटर लागतील. वेग ३० असेल तर हेच अंतर ५३ मीटरांवर जाते, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालकाला धोका जाणवून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही.

आता उताराचा विचार करू. वीस फुटांना एक फूट उतार, हा काही मोठा घाट नव्हे. ओढ्यावरच्या अनेक पुलांकडे जाणारे रस्ते इतके उतरते असतात. एवढ्या उतारावर १७ टनांची गाडी ८५० किलोंच्या जोराने खाली लोटली जाते. पूर्ण ब्रेक लावूनही हाती फारच थोडे बळ उरते आणि ताशी २० किलोमीटर वेगातील गाडीला थांबण्यास ९० मीटरांच्या जवळपास जागा लागते. त्याच रस्त्यावर पाणी, चिखल, वाळू किंवा सांडलेले पाचट असेल, तर पकड निम्म्याजवळ येते. मग ब्रेक पूर्णपणे दाबूनही गाडीचा वेग कमी होत नाही, तो वाढतच जातो. चालक ब्रेक दाबीत असतो, ब्रेकही शाबूत असतो. फक्त चाके घसरत असतात. अपघातानंतर "ब्रेक निकामी झाला" असे जे सांगितले जाते, त्यामागे पुष्कळदा हीच वस्तुस्थिती असावी.

जुने गाडीवान भरल्या गाडीने घाट उतरताना चाकाला लाकडी ठोकळा घासून गाडी आवरीत. भार बैलांच्या मानेवर येऊ द्यावयाचा नाही, तो त्याच्याच चाकावर अडवावयाचा, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ट्रॉलीला स्वतःचा चालू ब्रेक हवा, याचेही कारण तेच. ट्रॅक्टर मध्येच रोखला गेला आणि मागच्या ट्रॉल्या लोटतच राहिल्या, तर वळणावर ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा प्रकार तर सर्वथा टाळला पाहिजे. चढ ज्या गिअरमध्ये चढला जातो, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतार उतरावा. इंजिनाचा रोधही अखेर त्याच मागील चाकांतून रस्त्यावर पोहोचतो, म्हणून तो ब्रेकची उणीव भरून काढील असे नाही. पण त्याने वेग मुळातच वाढत नाही.

ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाच्या ब्रेकसाठी दोन स्वतंत्र पेडल असतात. शेतात वळण घेण्यास ते सोयीचे असते. रस्त्यावर येताना हे दोन्ही पेडल खिट्टीने एकत्र जोडावे लागतात. ती खिट्टी लावण्याचा कंटाळा केला आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर भरलेल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर एका अंगाला फिरतो. गोष्ट क्षुल्लक, पण कारखान्याच्या फाटकावर एका नजरेत तपासता येण्याजोगी आहे.

भार आणि जोड

अमेरिकेत लहान प्रवासी व्हॅनमागे राहण्याची छोटी चाकांवरची खोली जोडून सहकुटुंब प्रवासास निघण्याची पद्धत आहे. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, तेव्हा हे दृश्य येथे अगदीच अपरिचित राहणार नाही. तेथील व्हॅनचे वजन सुमारे दोन टन, म्हणजे आपल्या ट्रॅक्टरइतकेच. आणि तिच्यामागे जोडावयाचा भार उत्पादक साधारणतः १,६०० किलोंपर्यंतच मान्य करतात. बहुतेक राज्यांत ठरावीक वजनापुढील ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असणे कायद्याने आवश्यक आहे. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग जोडावर टेकला पाहिजे, असाही तेथे दंडक आहे. भार मागे सरकला की ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो आणि पुढील वाहनाला आपल्यामागे खेचतो. व्हॅन आणि ट्रॅक्टर यांची तुलना सर्वार्थाने करता येणार नाही, व्हॅनचा वेगही फार मोठा असतो. तरीही दोन टनांच्या वाहनामागे तेथे दीड टन आणि येथे पंधरा टन, हा फरक विचार करावयास लावणारा आहे.

आपल्याकडील दोनचाकी ट्रॉलीला भाराचा हा नियम तंतोतंत लागू पडतो. मोळ्या मागच्या बाजूस जास्त रचल्या, तर ट्रॉलीचा पुढचा दांडा वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते. याउलट पुढे फार भार आला, किंवा जोड नेमून दिलेल्या उंचीपेक्षा वर घेतला, तर चढावर ट्रॅक्टरची पुढील चाके अधांतरी होतात व स्टिअरिंग निरुपयोगी ठरते. जोडाच्या पिनेला खिळ लावणे आणि पीन निसटल्यास ट्रॉली धरून ठेवील अशी साखळी बांधणे, यास खर्च नगण्य येतो.

जादा भार का भरला जातो, हेही पाहिले पाहिजे. वाहतुकीचा मोबदला टनावर व अंतरावर मिळतो. कारखान्याच्या आवारात नंबर लागण्यासाठी तासन् तास, कधी रात्रभर थांबावे लागते. जी खेप मिळाली ती भरगच्च करून घ्यावी, असे वाहनमालकास वाटते. आणि रात्रभर जागलेला चालक सकाळी पुन्हा फडाकडे निघतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेचे वजन नोंदले जाते, तेथेच मर्यादा पाळली गेली, तर रस्त्यावरच्या दंडाची वेळ येणार नाही. याच कायद्याच्या व्याख्येनुसार ट्रॉली हेही मोटार वाहनच आहे. तिला स्वतंत्र नोंदणी व विमा लागतो. विम्याविना ट्रॉलीचा अपघात झाला, तर भरपाईच्या दाव्यात जखमीचे कुटुंब आणि ट्रॉलीचा मालक असे दोघेही अडचणीत येतात.

अंधारातील ट्रॉली

सर्वाधिक अपघात टाळण्याजोगे आहेत ते अंधारातील. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. खाली वळविलेल्या दिव्यात काळपट वस्तू ४० मीटरांवर दिसली, तर स्वाराला जेमतेम अडीच सेकंद मिळतात. त्यातला एक-दीड सेकंद समजण्यातच जातो. बंद पडून रस्त्यात उभी असलेली ट्रॉली म्हणजे त्याच्या दृष्टीने भिंतच होय. ट्रॉलीला मागे तांबड्या पट्ट्या असतात, परंतु वाढे आणि उसाची टोके बाहेर लोंबत असल्याने त्या झाकल्या जातात, उरलेल्या धुळीने माखतात. यासाठी काही कारखाने चमकणाऱ्या पट्ट्या शिवलेले कापडी फलक देतात. ते फळीवर न लावता उसाच्या मोळ्यांवरून मागे सोडावयाचे असतात. संथ वाहनांसाठी चमकणारा त्रिकोण १९६० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात तयार झाला, तोही ट्रॅक्टरांना मागून बसणाऱ्या धडकांचा अभ्यास करूनच. समोरून येणाऱ्यांसाठी आणखी एक धोका असतो. एकच दिवा चालू असलेला ट्रॅक्टर दुरून मोटारसायकलसारखा भासतो, आणि समोरचा स्वार त्या मानाने जागा सोडतो.

ट्रॉली बंद पडली की चाकांना दगड लावले जातात, मागेपुढेही मांडले जातात. दुरुस्ती झाली की ट्रॉली जाते आणि दगड तेथेच राहतात. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील असे दगड सकाळी उचलण्याची व्यवस्था हंगामापुरती करावी. फाट्यावर एक दिवा असावा, ट्रॉल्या थांबण्यासाठी डांबरी रस्त्याबाहेर मुरूम टाकून जागा करून द्यावी. यास मोठा निधी लागत नाही.

शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढण्याचा मोह मुलांना होतोच. पहिल्या ट्रॉलीमागे धावणाऱ्या मुलाला दुसरी ट्रॉली मागून येत असल्याचे भान राहत नाही, आणि चालकाला तर दोन ट्रॉल्यांमधील जागा मुळीच दिसत नाही. मोठ्याने लावलेल्या गाण्यांत ओरडणेही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. सायकलवरून ट्रॉलीला धरून जाणारी मुलेही याच जागेत सापडतात.

हंगाम संपला की कापडी फलक उतरविले जातात. ट्रॉल्या मात्र माती, विटा, शेणखत वाहत आणि बेकायदेशीर असूनही वऱ्हाडी मंडळींना घेऊन वर्षभर त्याच रस्त्यांवर धावत असतात. तेव्हा फलकाबरोबरच पट्ट्या ट्रॉलीच्या फळीवर कायमच्या, बाजूंना पिवळ्या व मागे तांबड्या, बसवून घेतलेल्या बऱ्या.