फ, त, ह : एका अरबी धातूचा गोतावळा

फ, त आणि ह या तीन व्यंजनांच्या अरबी धातूचा मूळ अर्थ ‘उघडणे’ असा आहे. दार उघडणे, पेटी उघडणे, अडलेली वाट मोकळी करणे. याच धातूतून ‘फत्ह’ म्हणजे विजय हा शब्द निघाला आणि मराठीत ‘फत्ते’ म्हणून रुळला. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला तर तो नावातच येऊन चिकटला होता. ऑक्टोबर १७२४ मध्ये या गावाजवळ निजामुल्मुल्क आसफजाह आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांच्यात लढाई झाली. मुबारिजखानाला दिल्लीच्या महंमदशहाची फूस होती, तर पहिला बाजीराव निजामाच्या बाजूने होता. मुबारिजखान मारला गेला, दख्खनवर निजामाची पकड बसली आणि विजेत्याने गावाचे नाव ‘फतेहखेर्डा’ केले. इंग्रजी अमदानीतल्या इंपिरिअल गॅझेटिअरने हे गाव ‘फतेहखेल्डा’ याच नावाखाली नोंदवले. लोकांनी मात्र साखर सोडली नाही.

‘उघडणे’चा ‘विजय’ कसा झाला, हे समजण्यासाठी आधी अरबी धातू म्हणजे काय ते पाहावे लागते. मराठीत ‘उघड’ या धातूला पुढे प्रत्यय लावले की उघडतो, उघडणारा, उघडीप असे शब्द होतात. धातू मात्र अखंड राहतो. अरबी धातू सुटा उच्चारताच येत नाही. तो नुसत्या व्यंजनांचा, बहुधा तीनच व्यंजनांचा असतो. स्वर येतात ते ठरलेल्या साच्यांतून, आणि हे साचे हजारो धातूंना सारखेच लागू पडतात. अरबी व्याकरणात साच्याला ‘वज्न’ म्हणतात. ‘वजन’ या मराठी शब्दाचे मूळही तेच.

हे साचे मराठी माणसाच्या तोंडात रोजच असतात. पहिल्या व्यंजनापुढे ‘आ’ आणि दुसऱ्यापुढे ‘इ’ आला की काम करणारा दिसतो. ‘फातिह’ म्हणजे उघडणारा, जिंकणारा. हाजिर आणि हाकिम याच साच्यातले. जामीन आणि वारसही, फक्त त्यांचे स्वर मराठीत थोडे बदलले. आधी ‘म’ आणि मध्ये ‘ऊ’ आला की ज्यावर क्रिया झाली ते दिसते. ‘मफ्तूह’ म्हणजे उघडलेले. मंजूर, मजकूर, महसूल हे त्याचे साचेबंधू. मंजूर म्हणजे मुळात ‘पाहिलेले’, म्हणून नजर आणि कोर्टातला नाझर हे त्याचे सख्खे नातलग. ‘नजराणा’ मात्र या घरातला नाही. त्याचा धातू वेगळा, अर्थ ‘नवस’. अरबीत त्याचा ‘ज’ही वेगळा, पण मराठीत दोन्ही उच्चार एकच झाले आणि नसलेले नाते दिसू लागले.

मधले व्यंजन दुप्पट केले की तेच काम वारंवार किंवा धंदा म्हणून करणारा तयार होतो: हम्माल, दल्लाल, सर्राफ. मराठीने जोडाक्षर टाकून हमाल, दलाल, सराफ केले. फ-त-ह या साच्यात घातला की ‘फत्ताह’ होतो. हे अल्लाच्या नव्याण्णव नावांपैकी एक. ‘अब्दुल फत्ताह’ हे नाव त्यावरूनच ठेवतात. आजच्या अरबी स्वयंपाकघरात डबा उघडण्याच्या साधनाला त्याच साच्यातला स्त्रीलिंगी शब्द ‘फत्ताहा’ वापरतात. एकाच साच्याला परमेश्वर आणि डबा-उघडणी दोन्ही सारखेच. हत्यारांसाठी आणखी एक साचा आहे. त्यातून ‘मीजान’ म्हणजे तराजू होतो आणि ‘मिफ्ताह’ म्हणजे किल्ली. समरकंदचा गणिती अल-काशी याने १४२७ मध्ये पूर्ण केलेल्या अंकगणिताच्या ग्रंथाचे नाव ‘मिफ्ताह अल-हिसाब’, म्हणजे हिशेबाची किल्ली. मराठीत कुलूप अरबी ‘कुफ्ल’वरून आले, पण त्याची किल्ली अरबांकडून आली नाही, चावी तर पोर्तुगिजांनी दिली.

आता विजयाकडे. वेढा पडलेल्या शहराचे दरवाजे उघडले की शहर पडते, एवढे साधे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. जुन्या अरबीत याच धातूला ‘निवाडा करणे’ असाही अर्थ होता. ‘फत्ताह’ म्हणजे न्याय करणाराही. अडलेले प्रकरण मोकळे करणे हा दोन्हींतला समान धागा. कुराणातली ४८ वी सूरा, म्हणजे अध्याय, ‘अल-फत्ह’ या नावाची आहे आणि तिचा संदर्भ लढाईचा नसून पैगंबर आणि मक्केकर यांच्यातल्या इ.स. ६२८ च्या हुदैबियाच्या तहाचा आहे. त्या तहाने मक्केची वाट खुली केली. दोन वर्षांनी मक्का हाती आली, तिलाही ‘फत्ह’च म्हटले गेले. पुढे या शब्दाचे अनेकवचन ‘फुतूह’ हे विजयगाथांचे ठरीव नाव बनले. १३५० च्या सुमारास इसामीने दौलताबादेत बहामनी राज्याच्या संस्थापकासाठी रचलेला पद्य-इतिहास ‘फुतूहुस्सलातीन’ त्यातलाच. सूफी खानकाहांत, म्हणजे मठांत, मात्र ‘फुतूह’ म्हणजे न मागता आलेले दान: देणाऱ्याचा हात उघडला, एवढाच अर्थ.

ही दुहेरी छटा सह्याद्रीच्या गडांवरही उमटली. औरंगजेबाने जिंकलेल्या गडांना नवी नावे देण्याचा सपाटा लावला होता. १६९९ मध्ये वसंतगड घेतल्यावर त्याचे नाव ‘किलीद-इ-फत्ह’, विजयाची किल्ली, असे ठेवले. इथे अरबी ‘मिफ्ताह’ऐवजी फारसी ‘किलीद’ आला. एरवी एकच धातू दोनदा आला असता. १७०४ मध्ये तोरणा पडला तेव्हा त्याचे नाव ‘फुतूहुल्गैब’ झाले. त्याचा अर्थ अदृश्यातून, म्हणजे दैवी कृपेने, मिळालेला विजय. पण हेच नाव सूफी संत अब्दुल कादिर जिलानी यांच्या प्रवचनसंग्रहाचेही आहे आणि तिथे अर्थ होतो अदृश्याचा उलगडा. तोरण्यावर लढाईचा धूर निवला असेल-नसेल, तोवर कागदावर सूफी शब्द चढला. दोन्ही नावे टिकली नाहीत.

मराठ्यांनीही हा शब्द परका मानला नाही. हर्णैला सुवर्णदुर्गासमोरच्या किनाऱ्यावरच्या छोट्या किल्ल्यांपैकी एक फत्तेगड. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूमहाराजांना पारद गावी विरोध झाला. लढाईत तिथला लोखंडे पाटील पडला आणि त्याच्या पोराला शाहूंनी आपलेसे केले. पहिल्या विजयाची आठवण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले. अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा हा मूळ पुरुष. सिंह संस्कृत, फत्ते अरबी, आणि घराणे अस्सल मराठी.

‘फत्ह’चे ‘फत्ते’ होण्यामागे ध्वनिशास्त्र आहे. शेवटचा ‘ह’ मराठी ‘ह’सारखा नाही. तो घशाच्या मागच्या भिंतीशी स्नायू आवळून, घोगऱ्या फुंकरीसारखा निघतो. असा ध्वनी मराठीत नाही, फारसीतही नव्हता. त्यातून तो दुसऱ्या व्यंजनाला लागून शब्दाच्या शेवटी आलेला. फारसी-दख्खनी तोंडात आधी ‘फतेह’ झाले, मग मराठीत ‘ह’ गळला, स्वर उरला आणि ‘त’ला जोर मिळाला. ‘शर्ह’चा शेरा याच वाटेने आला. ‘तर्ह’च्या तऱ्हेत मात्र ‘ह’ टिकला.

धातूचे कुळ अरबीपेक्षा जुने आहे. अरबीतला ‘फ’ हिब्रू आणि आरामी भाषांत मुळात ‘प’ असतो, म्हणून हिब्रूत दार म्हणजे ‘पेतह’ आणि स्वरानंतर ‘प’ मऊ होऊन किल्ली म्हणजे ‘मफ्तेअह’. इस्रायलमधल्या पेतह तिकवा या शहराच्या नावाचा अर्थ ‘आशेचे दार’. पॅलेस्टिनी संघटना ‘फतह’चे नाव मात्र धातूवरून थेट आलेले नाही. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे सरळ लावली तर ‘हतफ’ होते आणि अरबीत ‘हत्फ’ म्हणजे मरण. म्हणून ती उलटी लावली गेली.

धातूंची व्यंजने अशी उलटसुलट करून पाहणे हा अरबी व्याकरणकारांचा जुना अभ्यास. आठव्या शतकात बसऱ्याच्या अल-खलीलने आपला कोश रचताना प्रत्येक धातूची सारी सहा रूपे एकत्र मांडली. इ.स. १००२ मध्ये वारलेल्या इब्न जिन्नीने पुढे जाऊन म्हटले की, या सहाही रूपांच्या तळाशी एखादा समान अर्थ सापडतो. त्याचे स्वतःचे उपनाव ‘अबुल फत्ह’ होते. पण विजय आणि मरण यांची सांगड घालायची म्हणजे कसरतच. हा सिद्धांत भाषाशास्त्रात टिकला नाही.

धातू ही केवळ व्याकरणकारांची सोय की बोलणाऱ्याच्या मेंदूतही त्याला जागा आहे, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत गेला. सामी बुदेला आणि विल्यम मार्सलेन-विल्सन या संशोधकांनी अरबी भाषकांवर याचे प्रयोग केले. पडद्यावर एक शब्द सेकंदाच्या विसाव्या भागाइतकाच चमकवायचा, म्हणजे तो पाहिल्याचे जाणवतही नाही, आणि लगेच दुसरा दाखवून तो खरा शब्द आहे का ते विचारायचे. दोन्ही शब्द एकाच धातूचे असले तर उत्तर लवकर येते, अर्थ एकमेकांपासून लांब गेलेले असले तरीही. हिब्रू भाषकांवरच्या प्रयोगांतही असाच परिणाम दिसला.

मराठीने मात्र धातू घेतला नाही, सुटे शब्द घेतले, आणि तेही वेगवेगळ्या दारांनी. फत्ते फौजेतून आला, फातेहा, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, दर्ग्यातून आणि कबरीपासून. ज्या सूरेवरून तो शब्द आला ती ‘फातिहा’ म्हणजे कुराणाची पहिली, उघडणारी सूरा, हे बोलणाऱ्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. नवे शब्द घडवायची वेळ आली तेव्हा मराठीने साचे वापरले नाहीत, ‘करणे’ आणि ‘होणे’ जोडले. ‘मोहीम फत्ते झाली’ या वाक्यातले पहिले दोन्ही शब्द अरबी आहेत, ‘मोहीम’ ह-म-म या धातूचा. वाक्य चालते ते मराठी क्रियापदावर.