उतारावर ‘घट्ट माल’च का टाकतात? साइटवर पाणी वाढवलं तर काय बिघडतं?

सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प असो की डोंगरउतारावरच्या घराकडे जाणारा रस्ता, काँक्रीट सुरू झालं की एक मागणी हमखास होते, ‘माल घट्ट आहे, पाणी वाढवा.’ तक्रार खोटी नसते. घट्ट माल फावड्याने ओढताना हात भरून येतात. पण पातळ माल उतारावर थांबत नाही. वर पट्टी फिरवेपर्यंत तो खाली येऊन फुगतो.

माल किती घट्ट, हे स्लम्प चाचणीत कळतं. ३०० मिलिमीटर उंचीच्या पत्र्याच्या शंकूत माल भरायचा, शंकू उचलायचा आणि ढीग किती खाली बसला ते मोजायचं. हाताने पसरायचा रस्ता, कालव्याचं अस्तरीकरण अशा कामांसाठी आयएस ४५६ या भारतीय मानकात २५ ते ७५ मिलिमीटर स्लम्प दिला आहे. उतार तीव्र असेल तर यातला खालचा आकडा बरा.

आता पाण्याचा हिशेब. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी ठरलं असेल तर प्रमाण ०.५. ‘जरासं’ म्हणून ओतलेल्या ५ लिटरने ते ०.६ होतं. जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. ताकद घटते, वरचा थर टायरखाली भुकटी होऊन सुटतो. माल हाताळायला सोपा हवा असेल तर मिक्स ठरवतानाच प्लॅस्टिसायझर धरावा; साइटवरची पाण्याची नळी हा त्यावरचा उपाय नव्हे.

खरी चूक होते ती सुरुवात कुठून करायची यात. ट्रक वर उभा असतो, म्हणून माल वरूनच ओतला जातो. मग खाली व्हायब्रेटर लावला की वरच्या मालाचा आधार सुटतो, तो सरकतो आणि आडव्या भेगा पडतात. म्हणून खालच्या टोकाला आडवी फळी पक्की ठोकून तिथून सुरुवात करायची आणि नवा माल आधीच्या मालाला टेकवत वर जायचं. तसं केलं की वरच्या मालाच्या वजनानेच खालचा दबतो. घट्ट मालाला व्हायब्रेटर लागतोच, नुसत्या थापीने आत पोकळ्या राहतात. मात्र व्हायब्रेटरने माल ढकलत नेऊ नये, खडी वेगळी होते.

शेवटी उताराला आडवा खराटा ओढला की पावसात टायरला पकड मिळते. उतारावर मारलेलं पाणी लगेच वाहून जातं, त्यामुळे ओलं गोणपाट अंथरावं लागतं: साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला १०.