केसांवरील ग्लेझ घरी उतरविताना घाई नको

केसांना चकाकी व हलकी रंगछटा यावी म्हणून ब्युटी पार्लरमध्ये लावण्यात येणारे ग्लेझ मनासारखे न दिसल्यास ते घरच्या घरी उतरविता येते. मात्र एकाच दिवसात रंग घालविण्यासाठी ब्लीच किंवा खाण्याचा सोडा वापरल्यास केसांचीच हानी होण्याची शक्यता असते.

ग्लेझमधील सिलिकोन व रंगद्रव्य प्रामुख्याने केसाच्या बाह्य आवरणावर बसते. त्यामुळे त्याचा थर दर धुण्यागणिक झिजतो आणि साधारणतः १ ते २ आठवड्यांत दिसेनासा होतो. डेव्हलपर मिसळून लावलेला ग्लॉस ४ ते ६ आठवडे टिकतो. तो उतरल्यानंतर केसांची मूळ छटा तंतोतंत परत येईलच असे नाही. पार्लरमध्ये नेमके काय लावले, याची आधी विचारणा करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ग्लेझ काढण्यासाठी क्लॅरिफाइंग शाम्पू उपयुक्त ठरतो. कोमट पाण्याने केस भिजवून फेस दोन-तीन मिनिटे ठेवावा, केस धुवावेत व नंतर कंडिशनर लावावा. एक-दोन दिवसांच्या अंतराने हीच कृती पुन्हा करावी.

याच स्वरूपाचे काम करणारी जुनी द्रव्ये म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यासारख्या बाजारपेठेलगतच्या वस्त्यांना अपरिचित नाहीत. कन्नड भाषेत सीगेकाई व अंटुवाळ म्हणून ओळखली जाणारी ही द्रव्ये म्हणजे मराठी घरांतील शिकेकाई व रिठा. त्यांतील सॅपोनिनमुळे फेस येतो व तेलकट थर निघतो. शाम्पूच्या तुलनेत परिणाम सावकाश होतो, इतकेच. रिठ्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये. ते विलक्षण झोंबते.

न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल लावण्याच्या प्रथेलाही आधार आहे. धुताना केसांतील प्रथिनांचा होणारा ऱ्हास खोबरेल तेलामुळे कमी होतो, असे मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हेही लक्षात घ्यावयास हवे.

खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्याने केसाच्या आवरणावरील खवले उचलले जातात. रंग थोडा निघतो, पण केस राठ होऊन तुटू लागतात. ब्लीचचा धोका त्याहून गंभीर आहे. पूर्वी धातूचे क्षार असलेला कलप किंवा भेसळयुक्त मेंदी लावली असल्यास ब्लीचमधील पेरॉक्साइडशी त्याची अभिक्रिया होऊन उष्णता निर्माण होते व केस जळू शकतात. शुद्ध मेंदीचा रंग तर केसातील केराटिनशी बांधला जातो. तो धुण्याने जात नाही, केस वाढून कापले जाईपर्यंत राहतो.

टाळूची आग होत असल्यास अथवा चेहऱ्यावर सूज आल्यास केस भरपूर साध्या पाण्याने धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. काळ्या कलपांमधील पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी अशाच लक्षणांनी प्रकट होते. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये.