राखून ठेवलेला आकडा

खेळाडूचे पाय थकले की त्याचा पराक्रम संघाने जपावा कसा? कोणी पुतळा उभारतो, कोणी मैदानाला नाव देतो. इटलीतील ए. सी. मिलान या व्यावसायिक फुटबॉल-संघाची एक रीत आम्हांस याहून साधी वाटते: थोर खेळाडूच्या पाठीवरचा आकडा पुढे कोणालाही द्यायचा नाही.

बचावफळीचे नायक फ्रांको बारेसी १९९७ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा ६ हा आकडा असा राखला गेला. वीस हंगाम ते याच संघाकडून खेळले. १९८० व १९८२ साली संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला, तरी त्यांनी साथ सोडली नाही. पुढे ९०२ सामने खेळून पाओलो माल्दिनी २००९ साली निवृत्त झाले. त्यांचा ३ राखताना, मुलगा संघात आल्यास त्याला तो घेता यावा, एवढी सवलत ठेवली. दानिएल हा मुलगा २०२० साली आला. खेळला मात्र दुसराच आकडा घेऊन.

चषक जिंकणाऱ्याचे कौतुक सारेच करतात. पडत्या काळात टिकलेल्याची आठवण ठेवणे अवघड. पाचानंतर एकदम सात कसा, असे एखाद्या पोराने बापास विचारले, की आम्ही म्हणू, सन्मान पोहोचला.