केल्पची जंगले: गैरसमज आणि वस्तुस्थिती

केल्प हे थंड समुद्रात खडकाळ तळावर वाढणारे मोठे तपकिरी शैवल. दाट वाढले की त्याचे जंगल होते आणि मासे, खेकडे आणि अबालोन या समुद्री गोगलगायींना त्यात आसरा मिळतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडे सुमारे ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचे ९० टक्क्यांहून अधिक बुल केल्प (केल्पची एक जात) २०१४ नंतर काही वर्षांतच नाहीसे झाले.

गैरसमज १ : केल्प मुळांनी अन्न शोषते.

वस्तुस्थिती : मुळांसारखा दिसणारा भाग खडकाला केवळ घट्ट धरून ठेवतो. पोषकद्रव्ये पात्यांतून शोषली जातात. बुल केल्प बहुधा एक वर्षच जगते. त्यामुळे कोवळी वाढ खाल्ली गेली की पुढच्या वर्षीचे जंगल उभेच राहत नाही.

गैरसमज २ : हे जंगल केवळ पाणी तापल्यामुळे गेले.

वस्तुस्थिती : २०१३ पासून तारामाशांमध्ये शरीर झिजवणारी साथ पसरली. चोवीसपर्यंत भुजा असणारा सूर्यफूल तारामासा जवळजवळ संपला. हाच केल्पवर जगणाऱ्या, काटेरी जांभळ्या अर्चिनांना खाणारा मोठा शिकारी होता. २०१४ ते २०१६ या काळातील उष्ण लाटेत पाण्यातली पोषकद्रव्ये घटून केल्पची वाढ खुंटली. त्याच सुमारास अर्चिन सुमारे ६० पटींनी वाढले आणि उरलेले केल्प त्यांनी फस्त केले.

गैरसमज ३ : अन्न संपले की अर्चिन आपोआप मरतील.

वस्तुस्थिती : अर्चिन उपाशीपोटी अनेक वर्षे तग धरतात. असा अर्चिन फोडला, तर एरवी पिवळ्या बीजग्रंथींनी भरलेले कवच जवळजवळ रिकामे निघते. त्यामुळे त्याला बाजारात गिऱ्हाईक नसते आणि सागरी ऑटरही त्याच्याकडे फिरकत नाहीत.

गैरसमज ४ : नवे केल्प लावले की काम झाले.

वस्तुस्थिती : अर्चिन कमी केल्याशिवाय लागवड टिकत नाही. म्हणून २०२० पासून याच पट्ट्यातील मेंडोसिनो किनाऱ्यावरील नोयो उपसागरात व्यावसायिक पाणबुड्यांनी एकेक अर्चिन हाताने वेचून काढले. ‘रीफ चेक’ संस्थेचे प्रशिक्षित स्वयंसेवक ३० मीटर लांब आणि २ मीटर रुंद पट्ट्यांत पोहत केल्प, अर्चिन, तारामासे मोजतात. वेचणीचा उपयोग झाला की नाही, हे या मोजणीवरूनच ठरते. वॉशिंग्टन राज्यातील फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत सूर्यफूल तारामाशांची पैदास केली जाते. २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी साथीमागचा व्हिब्रिओ जीवाणू ओळखला, त्यामुळे निरोगी तारामासे निवडणे सुकर होईल. वेचणीने जागा मोकळी होते. ती मोकळी ठेवण्यासाठी मात्र सूर्यफूल तारामासा हा शिकारी समुद्रात परतायला हवा.