गंडीपेटचं पाणी

पुण्याहून हैदराबादला बदली झाली तेव्हा ऑफिसमधल्या एका सीनियरने पहिल्याच दिवशी बजावलं, 'एकदा गंडीपेटचं पाणी प्यायलात ना, की हे शहर सुटत नाही!' म्हटलं, बघू तर खरं. पहिल्याच शनिवारी बाइक काढली.

आयटी पार्कच्या काचेच्या इमारती मागे पडतात आणि समोर येतो उस्मानसागर. लोकांच्या तोंडी मात्र गंडीपेटच. भाजलेली कणसं, कॉलेजची जोडपी, डबे उघडून बसलेली कुटुंबं, काठावर निजामाचा सागर महल. मीही फोटो काढले, कणीस खाल्लं आणि आपल्या खडकवासल्याच्या आठवणीने जरा हळवा झालो.

ती आठवण अगदीच अस्थानी नव्हती. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीच्या पुरात हैदराबादची हजारो माणसं गेली. आजच्या उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशेएक जण वाचले. मग १९०९ मध्ये बोलावणं गेलं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना. पुण्यात इंजिनीअरिंग शिकलेले आणि १९०३ मध्ये खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे तेच! त्यांचा सल्ला सरळ होता: पूर शहराच्या वरच अडवा. त्यातून १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर झाला आणि १९२७ मध्ये तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर हिमायतसागर.

गोची एकच. प्यायला पाणी हवं तर तलाव भरलेला हवा. पूर अडवायचा तर पोटात जागा हवी. ऑक्टोबर २०२० च्या पावसात हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले आणि मुसीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यात तलावांभोवती काँक्रीट वाढलं की पाऊस मुरणार कुठे? १९९६ च्या सरकारी आदेशाने दोन्ही तलावांभोवती १० किलोमीटरपर्यंत मोठ्या बांधकामांवर बंधनं घातली होती. २०२२ मध्ये राज्य सरकारने ती उठवणारा आदेश काढला.

गेल्या महिन्यात एका मित्राने 'लेक व्ह्यू' फ्लॅटचं ब्रोशर समोर ठेवलं. बाल्कनीतून थेट तलाव! खरं सांगतो, ईएमआयचा हिशेबही करून झाला होता. मग ती चिंच आठवली आणि ब्रोशर परत केलं.

व्ह्यूसाठी दर शनिवारी बाइक काढावी लागते, तर लागू दे. कणीस तर तिथेच मिळतं.